आंब्याखाली आणि भिंतीच्या सावलीत भुईलगत फुलझाडे कशी लावावीत

जुन्या आंब्याखालची जमीन बहुतेक अंगणांत उघडीच राहते. तिथे हिरवळ तग धरत नाही, गुलाब-शेवंती फुलत नाही, आणि जूनमध्ये पानांवरून ठिबकणारे मोठे थेंब माती खणून काढतात, तेव्हा चिखलाचे शिंतोडे थेट ओट्यापर्यंत येतात. घराच्या उत्तरेकडच्या चिंचोळ्या पट्ट्याचीही हीच गत असते. अशा जागेवर फरशी घालून मोकळे होण्याआधी भुईलगत पसरणाऱ्या किंवा गुच्छाने वाढणाऱ्या फुलझाडांचा विचार अवश्य करावा, कारण ही झाडे माती धरून ठेवतात, ओल टिकवतात, तण दाबतात, आणि वर्षातून काही आठवडे तरी ती जागा फुलांनी भरून टाकतात. ज्यांनी आजवर कुंडीपलीकडे बागकाम केलेले नाही, त्यांना पुणे, नाशिक, सातारा यांसारख्या घाटमाथ्यालगतच्या आणि पठारी भागात हे काम कसे करता येईल, ते पुढे क्रमाने दिले आहे. कोकणाचे वेगळेपण त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सावलीतली झाडे मेली की दोष उजेडाच्या कमतरतेला दिला जातो. माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ वेळा खरे कारण जमिनीत असते: झाडाखाली मुळांनी ओढून घेतलेले पाणी, किंवा भिंतीलगत तुंबून राहिलेले पाणी. म्हणून या लेखात झाडांच्या नावांआधी जागेविषयी बरेच लिहिले आहे, आणि तो भाग वाचल्याशिवाय रोपवाटिकेत जाऊ नये अशी विनंती आहे.

पहिली पायरी: सावली ओळखणे

सावली एकसारखी नसते आणि ती एका जागी राहतही नाही. स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास एक पांढरा कागद जमिनीवर ठेवावा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरावा. हाताची सावली रेखीव, काळी पडली तर ती जागा सावलीची नाहीच. बोटे ओळखू येतील पण कडा पुसट असतील, तर ती विरळ सावली. सावलीच पडली नाही, तर ती गडद सावली. हीच चाचणी सकाळी नऊला आणि दुपारी चारला पुन्हा करावी. झाडाखाली कवडसे पडत असतील तर ते दिवसभरात कुठून कुठे सरकतात हे पाहून त्या जागी खडे मांडून ठेवावेत. एका रविवारी अर्ध्या-अर्ध्या तासाने खडे मांडत गेले, की संध्याकाळपर्यंत जमिनीवर उजेडाचा एक नकाशाच तयार होतो. अबोली कुठे लावायची आणि पीस लिली कुठे, हे तो नकाशा कोणत्याही पुस्तकापेक्षा नेमके सांगतो.

सकाळचे दोन-तीन तास ऊन आणि नंतर सावली ही सर्वांत चांगली जागा होय. घराच्या पूर्वेला बहुधा अशी जागा मिळते, आणि सावलीत फुलणारी बहुतेक झाडे तिथे मनापासून फुलतात. पश्चिमेची जागा मात्र फसवी असते. दुपारपर्यंत ती सावलीत दिसते आणि त्यानंतर एप्रिल-मेचे तीव्र ऊन तिच्यावर सलग चार तास पडते. अशा जागी या लेखातील झाडे लावू नयेत.

उत्तरेची बाजू नीट समजून घ्यावी, कारण ती ऋतूंप्रमाणे सर्वांत जास्त बदलते. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीही सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, त्यामुळे २० फूट उंच भिंतीची सावली उत्तरेकडे सुमारे १८ फूट पडते. मार्चच्या आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तीच सावली जेमतेम सात फुटांवर येते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, आणि तेव्हा उत्तरेच्या भिंतीलगत थेट ऊन पडते. जून-जुलैत ढग असल्याने हे जाणवत नाही, पण मेचा दुसरा पंधरवडा कडक जातो. माझ्या घरी उत्तरेच्या पट्ट्यात लावलेल्या पीस लिलीची पाने पहिल्याच वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात कागदासारखी करपली होती. डिसेंबरमध्ये ती जागा पाहून मी तिला पूर्ण सावलीची समजले होते. आता दर वर्षी १० मेच्या आसपास तिथे हिरवी शेडनेट बांधते आणि पाऊस स्थिरावला की काढते. तेवढ्याने झाडे सुखरूप राहतात.

शक्य असल्यास जागेचे निरीक्षण डिसेंबर, मार्च आणि मे अशा तीन वेळा करावे. तेवढे थांबवत नसेल, तर निदान मेमध्ये एकदा तरी पाहावे.

दुसरी पायरी: आंब्याची मुळे आणि आंब्याचे वेळापत्रक

आंब्याखाली बाग करताना आपण पाहुणे आहोत, ही जाणीव ठेवावी. अन्न-पाणी शोषणारी त्याची बरीच बारीक मुळे जमिनीच्या वरच्या थरात असतात. तिथे कुदळीने खणल्यास ती तुटतात, आणि वर फूटभर माती टाकून वाफा उंच केल्यास ती गुदमरतात. दुसरी चूक पहिलीपेक्षा अधिक घातक असते, कारण तिचा परिणाम दोन-तीन वर्षांनी फांद्या वाळू लागल्यावर दिसतो आणि तोवर कारण विसरलेले असते. नवी माती टाकायचीच असेल तर एका वर्षात दोन इंचांपेक्षा जास्त टाकू नये, आणि बुंध्याभोवतीची किमान दीड फूट जागा पूर्ण मोकळी सोडावी. बुंध्याला ओली माती किंवा पालापाचोळा टेकला की साल कुजते. खणण्यासाठी फक्त खुरपे वापरावे. अंगठ्याहून जाड मूळ लागले तर ते तोडू नये, रोपाची जागा चार बोटे बाजूला सरकवावी.

यापेक्षा महत्त्वाची, आणि बागेच्या लेखांत क्वचितच येणारी, एक अडचण आहे. आंब्याला मोहोर येण्याआधी काही काळ जमिनीतली ओल कमी व्हावी लागते. म्हणूनच आंबा बागायतदार पावसाळा संपल्यावर, मोहोर फुटण्याआधीचे दोन-तीन महिने, झाडाचे पाणी तोडून त्याला ताण देतात. आता अंगणातल्या आंब्याखाली आपण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बेगोनिया आणि पीस लिलीला दिवसाआड पाणी घालत राहिलो, तर ते पाणी आंबाही पितो, मोहोराऐवजी नवी पालवी काढतो, आणि घरातली वडीलधारी माणसे यंदा आंबा का धरला नाही म्हणून विचारत राहतात. यावरचा उपाय सोपा आणि सुंदर आहे. आंब्याखाली अशी झाडे लावावीत, जी पावसाळ्यात वाढतात आणि हिवाळ्यात जमिनीखाली कंदरूपाने झोपून जातात. त्यांनाही त्या काळात पाणी नकोच असते. आंब्याचे आणि त्यांचे वेळापत्रक अगदी जुळते. आपल्या सह्याद्रीच्या जंगलातली कितीतरी कंदवर्गीय झाडे मोठ्या वृक्षांखाली याच पद्धतीने जगतात.

आंब्याखाली आणखी एक गोष्ट घडते, ती आधीच ठाऊक असावी. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे आले की त्यांचा चिकट स्राव खालच्या पानांवर बारीक तुषारांसारखा पडतो. त्या काळात बोट फिरवले तर खालची पाने साखरेच्या पाकात बुडवल्यासारखी लागतात, आणि मग त्यावर काळी बुरशी, म्हणजे काजळी, धरते. रोपांना रोग झाला आहे असे वाटून नवखा माणूस औषधे फवारू लागतो. त्याची गरज नसते. काजळी पानाच्या वरवर असते, ती पाण्याने धुऊन आणि ओल्या फडक्याने पुसून निघते. खाली झोपी गेलेले कंद असतील तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

तिसरी पायरी: जमीन तयार करणे

आंब्याखाली जमीन तयार करणे म्हणजे मुख्यत: तिला न दुखवणे. वरचा कचरा, प्लास्टिक आणि तण हाताने काढावे, खुरप्याने फक्त रोपांच्या जागा उकराव्यात आणि प्रत्येक खड्ड्यात ओंजळभर चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. आंब्याची पडलेली पाने चिवट असतात आणि लवकर कुजत नाहीत. त्यांचा जाड थर कोवळ्या कोंबांवर पडून राहिला तर कोंब वाकडे होतात. म्हणून अखंड पाने झाडून एका कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाकावीत, त्यावर अधूनमधून शेणकाल्याचे पाणी शिंपडावे, आणि वर्षभराने तयार झालेला काळा, भुसभुशीत पानखताचा थर पुन्हा याच जागेवर इंचभर जाडीने पसरावा. विकतच्या कोणत्याही मिश्रणापेक्षा सावलीतल्या झाडांना हे पानखत अधिक मानवते.

भिंतीलगतच्या पट्ट्यात मात्र मेहनत करावी लागते. घर बांधताना उरलेले विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि वाळू बहुधा याच पट्ट्यात पुरलेली असते. फूटभर खोल खणून हा राडारोडा पूर्ण काढावा. सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि मग पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. त्यानंतर निचऱ्याची चाचणी घ्यावी. फूटभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा, ते पाणी जिरले की पुन्हा भरावा, आणि दुसऱ्यांदा भरलेले पाणी तीन-चार तासांत उतरते का ते पाहावे. उतरले नाही तर तिथे पावसाळ्यात मूळकूज होणार हे निश्चित समजावे. अशा ठिकाणी तळाशी मुरूम किंवा खडीचा चार इंच थर देऊन त्याला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. काळी माती असेल तर ती जागेवरच सुधारण्यापेक्षा वाफा सहा इंच उंच करणे सोपे जाते. इथे आंब्याची मुळे नसल्याने तसे करायला हरकत नाही. भरण्यासाठी दोन घमेली पोयट्याची माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक घमेले पानखत किंवा भिजवलेले कोकोपीट हे प्रमाण पुरेसे आहे. शेणखत काळे, कोरडे, वास नसलेले असावे. कच्च्या शेणातून हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या रोपांची मुळे खातात. जोत्याला ओल लागू नये म्हणून भिंतीपासून फूटभर जागा सोडून तिथे खडी पसरावी. छपराच्या पन्हळीचे पाणी जिथे पडते, तिथे काहीही लावू नये, एखादी सपाट शहाबादी फरशी ठेवावी.

कोकणात जांभ्यावर मातीचा थर पातळ असतो आणि पाऊस तो धुऊन नेतो. तिथे उताराला आडवी अशी जांभ्याच्या चिऱ्यांची एक ओळ बसवून मगच तिच्या वरच्या अंगाला झाडे लावावीत.

चौथी पायरी: झाडांची निवड

आंब्याखाली माझी पहिली पसंती भुईचाफ्याला आहे. मार्च ते मे या काळात, जमीन वरून पूर्ण कोरडी आणि उघडी दिसत असताना, मातीला भेग पडावी तसे होऊन त्यातून पांढऱ्या-जांभळ्या पाकळ्यांचे फूल थेट वर येते. पान नाही, दांडा नाही, नुसते भुईवर ठेवल्यासारखे फूल, आणि त्याला मंद सुगंध. एकेक फूल दिवसभरच टिकते, पण एका जुन्या गड्ड्यातून कितीतरी दिवस रोज नवी फुले येत राहतात. पावसाबरोबर पाने येतात. त्यांच्यावर रुपेरी नक्षी असते आणि मागची बाजू जांभळट असते. ही पाने पावसाळाभर जमीन झाकतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वाळून जातात. कंद मिळाले तर ते झोपेत असतानाच, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, दोन इंच खोल आणि नऊ ते बारा इंच अंतरावर लावावेत. पिशवीत वाढलेली रोपे पावसाळ्यात लावता येतात.

त्याच्या जोडीला फुटबॉल लिली लावावी. हिला काही जण मे फ्लॉवर म्हणतात, कारण मेमध्ये तिच्या दांड्यावर लाल, केसाळ चेंडूसारखा फुलोरा येतो. कंदाची मान मातीच्या पातळीला राहील इतकेच खोल लावावे. जागा बदललेली तिला आवडत नाही, हलवलेला कंद बहुधा पुढच्या वर्षी फुलत नाही, म्हणून एकदा लावल्यावर तिला चार-पाच वर्षे तशीच राहू द्यावी. कंद विषारी असल्याने घरात माती उकरणारे कुत्रे असेल तर ही लावू नये. रानहळदही याच गटातली, आणि तिचे पावसाळी फुलोरे पाहण्यासारखे असतात. मात्र ती डोंगरातून उपटून आणू नये. सह्याद्रीतली कंदवर्गीय झाडे माणसांच्या हौसेमुळे आधीच कमी होत आहेत. देशी झाडांच्या रोपवाटिकेत वाढवलेली रोपेच घ्यावीत.

आंब्याच्या घेराच्या कडेला, जिथे कवडसे जास्त पडतात, तेरडा पेरावा. मेच्या अखेरीस किंवा पहिल्या पावसाबरोबर बी नुसते भुरभुरावे आणि वर चिमूटभर माती टाकावी. गणपती-गौरीच्या दिवसांत तो भरात येतो, आणि ज्या घरांत तेरड्याची गौर आणतात तिथे तर तो अंगणातला असावा यासारखे समाधान नाही. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण एकेका फुलापुरती खरी आहे. रोप मात्र महिना-दीड महिना फुलत राहते. पिकलेली बोंडे हात लागताच फुटून बी दूरवर उडते, त्यामुळे दुसऱ्या वर्षापासून पेरण्याऐवजी विरळणी करण्याचेच काम उरते. त्याच कडेला मागच्या ओळीत दशमुळी लावावी. हे सह्याद्रीच्या जंगलात झाडांखाली वाढणारे झुडूप आहे. ते गुडघ्याच्या वर जाते, म्हणून त्याला भू-आच्छादक म्हणणे काटेकोर नाही. पण हिवाळ्यात, आंब्याखाली सगळे निजलेले असताना, त्याला निळी-जांभळी फुले येतात, एवढ्या एका गुणासाठी मी त्याला जागा देते.

भिंतीच्या बाजूला, सकाळचे ऊन असेल तिथे, अबोलीला पर्याय नाही. कोकण-गोव्यात वेणीसाठी अंगणोअंगणी असलेले हे झाड पुण्याच्या हवेतही वर्षातले बहुतेक महिने फुलते. फूटभर अंतरावर लावून शेंडे खुडत राहिल्यास ते दीड फुटावर दाट राहते. अबोलीच्या वाळलेल्या तुऱ्यातली बोंडे पाण्यात टाकली की काही क्षणांत टचकन फुटून बी उडवतात, आणि रिमझिम पावसात लक्ष देऊन ऐकले तर तो बारीक आवाज बागेतही ऐकू येतो. ‘दिल्ली’ या नावाने विकली जाणारी मोठ्या नारिंगी फुलांची अबोली बी धरत नाही, तिची वाढ पावसाळ्यात फांदी लावूनच करावी लागते. अबोलीचा एकच मोठा शत्रू म्हणजे सूत्रकृमी, म्हणजे मातीतून मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी. पाणी असूनही रोप खुरटत असेल तर एक रोप उपटून मुळांवर गाठी आहेत का ते पाहावे. गाठी असल्यास ते रोप जाळून टाकावे आणि त्या जागी वर्षभर अबोली लावू नये. लागवडीच्या वेळी खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळल्यास हा त्रास कमी होतो.

उजेड आहे पण ऊन नाही अशा पट्ट्यात पीस लिली, छोट्या फुलांचा बेगोनिया, स्पायडर प्लँट आणि ओफिओपोगॉन यांतून निवड करावी. ओफिओपोगॉन गवतासारखा दिसतो, त्याला पावसाळ्याच्या सुमारास पांढरट तुरे येतात, आणि नवशिक्याच्या हातून तो सहसा मरत नाही. याच पट्ट्यात चालणाऱ्या रिओची फुले पानांच्या बेचक्यात होडीसारख्या कोशात दडलेली असतात, पण तिच्या पानांचा जांभळा रंग वर्षभर पुरतो. पीस लिलीची पाने चघळल्यास तोंडाची आग होते, त्यामुळे रांगणारे मूल किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरात ती टाळावी.

कोकणात आणि गोव्यात, नारळी-पोफळीच्या दमट सावलीत, एपिशिया आणि टोरेनिया फार सुरेख वाढतात. एपिशिया स्ट्रॉबेरीसारखे धावते फुटवे काढून जमीन झाकते आणि तिला लहान लाल फुले येतात. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ती टिकवणे कष्टाचे आहे आणि नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

गडद सावलीत, जिथे हाताची सावलीच पडत नाही, फुलांची अपेक्षा ठेवू नये. दोन इमारतींमधल्या अशा बोळात पीस लिली जगते, पण फुलत नाही. तिथे पानांसाठीच झाडे लावणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

काय लावू नये, हेही सांगितले पाहिजे. पिवळ्या फुलांची वेडेलिया रोपवाटिकांत स्वस्त मिळते आणि ‘काहीही न करता पसरते’ अशी तिची ख्याती आहे. ख्याती खरी आहे आणि तोच तिचा दोष आहे. ही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली वेल असून जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परकीय आक्रमक जातींच्या यादीत तिचा समावेश आहे. मला एका रोपवाटिकेतून नाव न सांगता ती दिली गेली. एका पावसाळ्यात तिने तेरडा आणि भुईचाफा झाकून टाकला, आणि ती पूर्ण काढायला पुढचे दोन पावसाळे लागले, कारण खोडाचा बोटभर तुकडा ओल्या मातीत राहिला तरी तो मूळ धरतो. नाव ठाऊक नसलेले कोणतेही पसरणारे रोप जमिनीत लावू नये. आधी एक वर्ष कुंडीत ठेवून त्याचा स्वभाव पाहावा. पट्टेदार जांभळ्या पानांची ट्रॅडेस्कॅन्शियाही अशीच तुकड्यातून वाढते आणि तिच्या रसाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून तिला कुंडीतच ठेवणे बरे.

पाचवी पायरी: रोपांचा हिशोब आणि लागवड

खरेदीला जाण्याआधी जागा मोजावी. १० फूट लांब आणि ४ फूट रुंद पट्ट्यासाठी एक-एक फुटावर लावायची असल्यास ४० रोपे लागतात, नऊ इंचांवर लावल्यास साधारण ७०, आणि सहा इंचांवर लावायच्या ओफिओपोगॉनची १६० रोपे लागतात. इतकी रोपे एकदम घेण्याची गरज नाही. ओफिओपोगॉन, स्पायडर प्लँट आणि पीस लिलीच्या एका भरगच्च पिशवीतून तीन-चार फुटवे मुळांसह वेगळे करता येतात. पिशवी घेताना रोप हलक्या हाताने वर उचलून पाहावे. तळातून मुळे बाहेर येऊन वेटोळी झाली असतील तर ती पिशवी घेऊ नये.

लागवडीचा काळ पठारी भागात जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत असतो. दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती वीतभर खोल भिजली की लागवड करावी. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलैचा पाऊस नवी रोपे उखडून टाकतो, म्हणून तिथे पाऊस ओसरू लागल्यावर, गणपतीच्या सुमारास लागवड केलेली बरी. रोपे सरळ ओळींत न लावता एकाआड एक तिरप्या ओळींत लावावीत, म्हणजे जमीन लवकर झाकली जाते. रोप पिशवीत जेवढे खोल होते तेवढेच मातीत राहावे. भोवतीची माती बोटांनी दाबावी, पायाने नव्हे. लगेच झारीने पाणी द्यावे, पाऊस चालू असला तरी, कारण मुळांभोवतीच्या पोकळ्या त्या पाण्यानेच भरतात. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन-अडीच फूट जागा मोकळी ठेवावी. दाट झाडीत सापकिरडू बसते ही जुन्या माणसांची भीती अनाठायी नाही, आणि रात्री पायाखालची जमीन दिसली पाहिजे.

सहावी पायरी: पहिल्या वर्षाची देखभाल

पहिले तीन महिने तण काढणे हेच मुख्य काम असते. दर आठ दिवसांनी अर्धा तास हाताने तण उपटावे. झाडे एकमेकांना भिडली की हे काम आपोआप कमी होते. पाणी नेहमी सकाळी द्यावे. सावलीत संध्याकाळी भिजलेली पाने रात्रभर ओली राहतात आणि पानांवर बुरशीचे डाग पडतात. भिंतीच्या पट्ट्यात पाणी देण्याआधी बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. आत ओल लागली तर पाणी देऊ नये. सावलीतली माती वरून सुकलेली आणि आत चिंब असते. वरचा थर पाहून रोज पाणी घालणाऱ्यांचीच पीस लिली सर्वांत आधी कुजते. आंब्याखाली पावसाळ्यात मोठा खंड पडला तरच पाणी द्यावे आणि दसऱ्यानंतर ते बंद करावे.

जुलैमध्ये गोगलगायी येतात. पाने रात्रीत जाळीदार झाली आणि सकाळी मातीवर चकचकीत रेघा दिसल्या, की कारण त्याच समजाव्यात. संध्याकाळी ओले गोणपाट वाफ्याच्या कडेला पसरून ठेवावे. सकाळपर्यंत त्या त्याच्याखाली गोळा होतात. हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. मीठ वाफ्यावर टाकू नये, त्याने माती बिघडते. सलग दहा-बारा दिवस हे केले तर त्या वर्षापुरता उपद्रव आटोक्यात येतो. एक-दोन दिवस करून सोडून दिल्यास काहीच उपयोग होत नाही. पिठ्या ढेकूण दिसल्यास एक लिटर पाण्यात पाच मिली कडुलिंबाचे तेल आणि साबणाचे चार थेंब मिसळून पानांच्या मागच्या बाजूस फवारावे.

खत वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, चौरस फुटास एक-दोन मुठी गांडूळखत इतकेच द्यावे. आंब्याखाली ऑक्टोबरचा हप्ता वगळावा. युरिया देऊ नये. त्याने पाने माजतात आणि फुले कमी होतात.

डिसेंबरमध्ये आंब्याखालच्या कंदवर्गीय झाडांची पाने पिवळी पडून आडवी होतात. ती हिरवी असताना कापू नयेत, कारण कंदात पुढच्या वर्षाच्या फुलांचा साठा त्यातूनच भरतो. पूर्ण वाळून अलगद सुटू लागली की उचलावीत, आणि उचलतानाच प्रत्येक गड्ड्याजवळ बांबूची एक काडी रोवून ठेवावी. त्यानंतर मार्चपर्यंत ती जागा रिकामी दिसते आणि घरातले कुणीतरी तिथे कढीपत्ता किंवा तुळस लावायला खुरपे घेऊन हमखास येते. वरून पानखताचा इंचभर थर द्यावा, पाणी देऊ नये, आणि मार्चच्या मध्यापासून रोज सकाळी काड्यांच्या आसपासची माती वाकून पाहावी. भेग दिसली की तिच्यावरचे पान बाजूला करावे. फूल दुसऱ्या दिवशी सकाळी उमललेले असते.